भरती-ओहोटीचा रकाना

तक्ता रत्नागिरीकडून आलेला, समुद्राच्या मापाचा.
तौर सरांनी त्याच्या चौदा झेरॉक्स काढल्या
आणि वरचा 'सागरी' हा शब्द तसाच राहू दिला.
नाथसागर आहे ना, म्हणाले, नावात तरी आहे.

पैठणच्या काठावर सकाळी सात वाजता
आम्ही चौदा जण, लाइफ जॅकेटं तेरा.
पोहता कुणाला येतं? सरांनी विचारलं.
गंगेकाठच्या उद्धवनं हात वर केला
आणि दिवसभर एकटाच थंडीनं कुडकुडला.

बोट गयाबाई लिंबोरेंची.
इंजिनाची दोरी तिनं दोनदा ओढली, तिसऱ्यांदा शिवी दिली,
तेव्हा ते सुरू झालं.

रकाना पहिला: पाण्याचा खारेपणा.
निखतनं बोट बुडवून चाटलं, म्हणाली, लिही शून्य.
मीठ आम्ही बाजारातून आणतो, गयाबाई म्हणाली,
झिंगे वाळवायला, पोत्यानं.
ते कुठं लिहायचं, हे तक्त्यात नव्हतं.

रकाना दुसरा: आढळलेल्या जाती.
रोहू, कटला, वाम, शिंगाडा,
आणि चिलापी, चिलापी, चिलापी.
ही कुणी सोडली ठाऊक नाही, ती म्हणाली,
पण आता जाळ्यात हीच आधी येते,
लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.
मग एका बेशरमाच्या झुडपाशी तिनं इंजिन बंद केलं.
पाण्यावर लालसर काहीतरी उकळत होतं.
मरळीची पिल्लं. खाली बाप असतो राखणीला.
इथं गळ टाकत नाहीत.
कायदा आहे का? मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी,
सगळे एका पायावर,
हजेरी संपायची वाट पाहत असल्यासारखे.

रकाना चौथा: भरती-ओहोटीच्या वेळा.
हा गाळा, सर म्हणाले.
पण गयाबाईनं वाकून विचारलं, काय लिहायलास रे?
मी वाचून दाखवलं.
हाय की, ती म्हणाली, लिही.
नाशिककडच्या धरणांची दारं उघडली की भरती.
ते आधी भांडतात, मग कोर्टात जातात, मग सोडतात,
म्हणून वेळ नक्की नाही.
कालव्याला पाणी सुटलं की ओहोटी.
ती मात्र वेळेवर येते.

मी लिहिलं. अक्षर हललं, बोट हलत होती.

मग काळीपांढरी तबकडी दोरीनं खाली सोडली,
पाणी किती पारदर्शक ते मोजायला.
सव्वा मीटरवर पांढराही दिसेनासा झाला.
दोरी लांब हाय का अजून? तिनं विचारलं.
सोड मग. सोड.
नऊ मीटरला तबकडी कशाला तरी टेकली.
आमचं जांभळी खुर्द, ती म्हणाली.
हा बहुतेक पार असंल. नाहीतर सोनाराचं घर.
तिचं लग्न त्या पारासमोर झालं होतं,
हे तिनं सांगितलं नाही. पुतण्यानं सांगितलं, उतरताना,
आणि तेही मासळीचे पैसे मोजता मोजता.

'किनाऱ्यावरील वस्ती' या रकान्यात
मी कितीतरी वेळ काहीच लिहिलं नाही.
किनारा कुठला धरायचा,
आत्ताचा, की उन्हाळ्यातला,
जिथं ती गाळावर टरबुजं लावते?

संध्याकाळच्या एसटीत आमच्या बादलीचा वास पसरला.
ढोरकीनला कंडक्टरनं नाक मुरडून विचारलं,
कुठून आलात रे एवढे?
समुद्रावरून, निखत म्हणाली.
कुणी हसलं नाही.
पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली,
मग बाईनं, मग टोपीवाल्या दोघांनी,
ड्रायव्हरनंही आरशात पाहिलं.

किती टक्के हाय? त्यांनी विचारलं.